टाकाला चेहरा नसतो

आमच्या पारनेर तालुक्यातल्या एका देवघरात घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला एक वीर आहे. तो मी घडवला. ज्यांच्या नावाने घडवला ते आजोबा हयातीत बैलगाडीच्या पुढे कधी गेले नाहीत आणि गाढव आडवं आलं तरी वाट बदलायचे. हे मला त्यांच्या नातवानेच सांगितलं, टाक ओंजळीत घेऊन, अगदी भक्तिभावाने. मी म्हटलं, मग घोडा काढून टाकू का? तर तो घाबरला. म्हणाला, "नको काकू. घोड्याबिगर आजा वळखू कसा येनार?"

माझा सगळा धंदा या एका वाक्यात आला. दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना वाटत होतं, या बाईने पस्तीस-चाळीस वर्षं मेलेल्या माणसांचे चेहरे घडवले, तर त्या चेहऱ्यांबद्दल लिहील. त्यांचा हिरमोड करणं भाग आहे. टाक हजारो केले. चेहरा आयुष्यात एकच केला आणि तोही माझ्याच हाताने बुजवला. त्याबद्दल लिहिते.

ज्यांच्या घरी टाक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आकृती. खंडोबा, भवानी, बहिरोबा असे देव असतात आणि त्यांच्या शेजारी घरातले गेलेले लोकही असतात. गेलेला पुरुष असेल तर घोड्यावरचा वीर, बाई असेल तर डोक्यावर पदर घेतलेली उभी बाई. रोज पूजेत त्यांना अंघोळ, हळदकुंकू, आणि दसऱ्याला चिंचेने घासणं. तीन पिढ्या घासून घासून नाक-डोळे झिजतात आणि पत्रा सपाट होतो. त्या माणसाला पाहिलेलं शेवटचं माणूसही साधारण तोपर्यंत गेलेलं असतं. मग तो झिजलेला टाक आमच्याकडे येतो, आम्ही तो आटवतो, थोडी नवी चांदी घालतो आणि तोच माणूस पुन्हा कोरा करकरीत होऊन घरी जातो.

काम असं. चांदी मुशीत वितळवायची, लगड ओतायची, ठोकून पत्रा करायचा. पितळी ठशावर पत्रा ठेवून वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचं. शिसं मऊ, ते चांदीला ठशाच्या खाचांत ढकलतं. आकृती उठली की पत्रा राळेवर बसवायचा. राळ थंड झाली की ती पत्र्याला घट्ट धरून ठेवते. मग बोटभर लांबीच्या पोलादी कलमांनी डोळे, बोटं, निऱ्या काढायच्या. खोलगट हवं असेल तर पुढून ठोका, उभार हवा असेल तर पत्रा सोडवून, उलटा करून मागून ठोका. शेवटी पाठीला तांब्याचा पत्रा. दुकानाच्या पाटीवर नाव आमच्या ह्यांचं, पण त्यांची नजर चाळिशीतच अधू झाली आणि कलमांचं काम माझ्याकडे आलं. मला ते मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवलं. सून कलम धरते म्हणून पेठेत हसणारे पुष्कळ होते. त्यांच्याही घरचे टाक पुढे मीच केले.

मामंजींकडे बायकांचा ठसा एकच होता, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला. पारनेर, सुपा आणि आसपासच्या गावांतल्या किती बायका गेल्या, सासुरवाशिणी, म्हाताऱ्या, बाळंतपणात गेलेल्या, सगळ्या त्याच एका ठशातून निघाल्या. एकदा एक मास्तर तरण्या मुलाचा फोटो घेऊन आले. टाकाला हाच चेहरा हवा म्हणाले. मामंजींनी फोटो कपाळाला लावला आणि परत दिला. म्हणाले, "मास्तर, फोटो भिंतीला लावायचा. टाकाला डोळे द्यावेत, चेहरा देऊ नये. चेहरा असेतो माणूस घरात हिंडतंच राहतं." मास्तर रडत परत गेले आणि महिन्याने घोड्यावरचा वीर घेऊन गेले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा आळशी आहे. नवा चेहरा काढायचा तर आठ दिवस मेहनत, ठशाचा टाक दोन तासांत होतो. ठसा वापरला की गेलेल्या माणसाकडे बघावंच लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

चांदीच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक कमालीचं जागरूक. चेहरा कोणाचाही असो, चांदी आपल्याच घरची हवी. कितीतरी लोक मूस तापेपर्यंत समोर बसून राहायचे. आता बाहेरगावाहून छापील टाक येतात, वेफरच्या पुडीसारखे हलके, देवस्थानांच्या बाजारांत टांगलेले असतात. लोक घेतात, पण पितरांच्या टाकाला अजून जुनी चांदी बांधून आणतात. एकदा आमच्या ह्यांनी दोन घरांची गाठोडी चुकून एकाच मुशीत आटवली. दोन्ही घरं एकाच गावची, बांधावरून त्यांचं तीन पिढ्यांचं वैर. वितळलेली चांदी काही वेगळी करता येत नाही. आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं आणि वजन बघून दोघांना वाटून दिली. ती घरं अजून एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. देवघरात मात्र दोघांचे आजे एकाच चांदीत बसलेत. ही चूक मी पहिल्यांदाच कबूल करते आहे आणि गावाचं नाव सांगणार नाही.

त्या चुकीचं मला हसू येतं. दुसरी चूक हसण्यासारखी नाही.

सुप्याच्या अलीकडच्या एका गावातून संगीता नावाची मुलगी दुकानात आली होती. चोवीस-पंचवीसची असेल. नवरा सुप्याच्या कारखान्यात पाळीने कामाला. ती एकटीच आली, लंगडत. पायाचं बोट टम्म सुजलं होतं आणि जोडवं आत रुतलं होतं. पाट पडला म्हणाली. सवाष्णीचं जोडवं कापायचं म्हणजे सोनारालाही जड जातं, पण न कापावं तर बोट काळं पडलं असतं. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बारीक करवतीने अर्धा तास ते कापत होते. ती एकदाही आई गं म्हणाली नाही. काम झाल्यावर मी मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. रुंद कपाळ, बसकं नाक, वरचा ओठ जरासा पुढे. डाव्या भुवईवर सुपारीएवढी सूज होती आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला होता.

पाट पायावर पडला तर भुवईवर काय पडलं, हा प्रश्न माझ्या तोंडात आला होता. मी विचारलं नाही. कान सोनाराने टोचावेत असं आपल्यात म्हणतात, म्हणजे लागेल असं बोलायचं तर ते बोलण्याचा अधिकार असणाऱ्याने बोलावं. मी सोनारीण असून गप्प बसले. एवढंच म्हटलं, की पंधरा दिवस या बोटात काही घालू नकोस.

"न घालता घरात कशी जाऊ, काकू?" तिने विचारलं.

मग मी काय केलं, तर तेच जोडवं तापवून रुंद केलं, एका बाजूने उघडं ठेवलं, टोकं घासून गोल केली, म्हणजे सुजलेल्या बोटावरही ते बसावं. सफाईदार काम झालं. ते घालून ती लंगडत स्टँडकडे गेली. माझ्या हुशारीचं मला त्या दिवशी कौतुकही वाटलं. आज वाटतं, तिला त्या घरात परत जाता यावं अशी सोय करून देणारी मीच होते.

पावसाळ्यानंतर कळलं, की ती पाय घसरून विहिरीत पडली. पंचनामा झाला, अपघात म्हणून प्रकरण मिटलं. विहिरीवर काय झालं ते मला माहीत नाही. मी पाहिली ती भुवई. ती सांगायला मी कुठे गेले नाही, आणि मला विचारायलाही कोणी आलं नाही.

दीड वर्षाने तिची सासू दुकानात आली. सोबत नवी सून होती, रोहिणी. बारीक अंगाची, पडेल आवाजात बोलणारी. सासू म्हणाली, हिची दोन वेळा कूस उजवता उजवता राहिली, भगताला विचारलं तर तो म्हणाला पहिली आडवी येते. तेव्हा सवतीचा टाक करायचा आहे. ही चाल आता कमी झाली तरी गेलेली नाही. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली की दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं आणि मग स्वतः नेसायचं. पहिलीचं माहेर ते दुसरीचंही माहेर होतं, सणाला तिने तिकडे जायचं, त्यांनी तिची लेकीसारखी ओटी भरायची. मेलेल्या बाईचा मान ठेवण्याची ही रीत. जिवंतपणी तो ठेवला असता तर कितीतरी टाक करावेच लागले नसते, पण ते सोनाराने म्हणून काय उपयोग.

सासूने पदराची गाठ सोडली. पैंजणाची एक जोडी होती आणि एका पुडीत काळपट चांदीचे दोन तुकडे. "राख सावडताना घावल्यात," ती म्हणाली. "तिचीच चांदी घाला, म्हंजी ती समाधानी ऱ्हाईल."

सवाष्ण गेली की जोडव्यांसकट सरणावर जाते. एक तुकडा पार वितळून गोळा झाला होता. दुसरा आचेने बसला होता, तरी त्याची उघडी बाजू आणि घासून गोल केलेलं टोक दिसत होतं. माझंच काम मला ओळखता आलं नाही तर मी कसली कारागीर. मी पुडी हातात घेतली आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

चांदी आटवली. मुशीत शेवटपर्यंत एक काळा ठिपका फिरत राहिला, राखेचा असेल, टाकणखार घालून काढावा लागला. पत्रा केला. ठसा समोर ठेवला आणि हात पुढे होईना. आजवर त्या ठशातून एवढ्या बायका काढल्या, मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, हिलाही यातच घातली तर ही खरोखर पाय घसरून पडली असं होईल. मी ठसा कपाटात ठेवला.

उभी बाई न करता नुसताच मुखवटा केला, अंगठ्याच्या पेराएवढा. कपाळ, नाक, ओठ. फोटो नव्हता, अर्धा तास पाय मांडीवर घेतला त्या वेळची आठवण होती फक्त. सहा दिवस त्यावर होते. दाताचा टवका एका ठोक्यात आला. राहिली भुवई. मघाशी सांगितलं, उभार आणायचा तर मागून मारावं लागतं. पत्रा राळेतून सोडवला, उलटा केला, जागा नखाने चाचपली आणि तिथे मारलं. सूज आणायला मलाही तिच्या भुवईवर एक ठोका मारावा लागला. कारागिरी म्हणाल तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. वाटलं, तेव्हा तोंडाने बोलले नाही ते आता हाताने बोलले. पण ते बोलणं कोणाच्या गळ्यात अडकवते आहे, याचा विचार मला सुचला नाही.

सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिने टाक कपाळाला लावला, लाल दोऱ्यात ओवून घेतला आणि रोहिणीच्या गळ्यात घातला. सासू चप्पल शोधत होती तेवढ्यात रोहिणीने तो तळहातावर धरून बघितला. घरात संगीताचा एकही फोटो ठेवलेला नव्हता, तिने पहिल्यांदाच तिला पाहिलं.

"ह्या अशा दिसायच्या?"

मी म्हटलं, मी पाहिली तेव्हा अशीच होती.

तिचं बोट भुवईवर थांबलं. "आन हे काय हाय?"

सासू दारातून हाक मारत होती. मी म्हटलं, ते तसंच आहे. तेव्हाही माझ्या तोंडून एवढंच निघालं.

तीन महिन्यांनी, श्रावण संपत आला तेव्हा, रोहिणी बाजाराच्या दिवशी एकटीच आली. पदर कपाळावर पुढे ओढलेला. बसायला सांगितलं तर बसली नाही. दोरा गळ्यातून काढून टाक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काकू, एवढं तोंड पुसून द्या."

हळूहळू कळलं ते असं. नवऱ्याने पहिले काही दिवस टाकाकडे बघितलंच नव्हतं. एकदा जेवायला वाढताना ती वाकली आणि टाक त्याच्या तोंडासमोर लोंबला. तो ताटावरून उठला. कोणी केला, कोणी सांगितलं करायला, संगीताच्या माहेरच्यांनी तुला पढवलं का, असं विचारत राहिला. विहिरीत टाकून ये म्हणाला. सासू म्हणाली, टाक काढला तर पोर राहणार नाही. गळ्यातून काढायचा नाही आणि त्याला दिसू द्यायचा नाही, या दोन्हींच्या मध्ये ती सापडली होती. उलटा करून घातला तरी कामात तो सुलटा व्हायचा.

या वेळी मी विचारलं. मारतो का, असं सरळ विचारलं.

"तुमी आदी ते पुसा," ती म्हणाली.

मी म्हटलं, इथेच थांब, माझ्या घरी राहा, आपण पोलिसांत जाऊ, तुझ्या माहेरी कळवू. तिने शांतपणे ऐकून घेतलं. माहेरी धाकट्या दोघी बहिणी लग्नाच्या होत्या, बापाने निघतानाच सांगितलं होतं, की परत यायचं ते सणालाच. मग ती म्हणाली, "ह्यास्नी वाटतंय ती बघतीया. तुमी तिला तोंड दिलं, तवा मला कळलं म्या कुटं आलीया. पन मला तितंच ऱ्हायाचंय, काकू. तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. वाकताना पदर सरकला. डाव्या नव्हे, उजव्या भुवईवर ताजी खोक होती आणि तिच्यात हळद भरलेली होती.

मला मामंजींची आठवण झाली. त्यांना हे ठाऊक होतं की काय, नकळे. मी त्यांच्यापेक्षा शहाणी व्हायला गेले होते. माझ्या जिवाची टोचणी मी चांदीत उतरवून एका परक्या पोरीच्या गळ्यात बांधली होती आणि तिची किंमत ती देत होती.

टाक पुन्हा राळेवर बसवला. सपाट तोंडाचं रुंद कलम घेतलं. सहा दिवसांचं काम बुजायला चार ठोके लागले. पहिल्यात नाक गेलं, दुसऱ्यात ओठ. कपाळ गेलं. भुवई सगळ्यात शेवटी गेली, कारण तिथे पत्रा मागून ताणलेला होता आणि तो बसायला तयार नव्हता. चांदी चकचकीत सपाट झाली. रोहिणीने त्यात बघितलं, दोरा गळ्यात घातला, पदर ओढला आणि गर्दीत गेली. मी दाराशी उभी राहिले. तिच्यामागे जायला हवं होतं. गेले नाही.

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. पायात वहाणा, काखेत पिशवी अशी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. बराच वेळ पाणी पीत बसली. मग म्हणाली, मी गयाबाई, संगीताची आई. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून तो टाक. दोरा तोच, लाल.

रीतीप्रमाणे रोहिणी नागपंचमीला, म्हणजे माझ्याकडे तोंड पुसायला येण्याआधी, गयाबाईंच्या घरी गेली होती. ओटी भरायला वाकल्या तेव्हा त्यांना तिच्या गळ्यात आपली लेक दिसली. लग्नाचे फोटो सगळे सासरकडे होते आणि तिकडे विचारलं तर वाळवीने खाल्ले म्हणाले होते. गयाबाईंकडे लेकीचं काही नव्हतं. पंचमीचे दोन दिवस त्या रोहिणीला समोर बसवून नुसत्या बघत होत्या. दिवाळीला रोहिणी पुन्हा आली तर टाक सपाट. हे कोणी केलं ते तिने सांगितलं, आणि मूळ चेहरा कोणी केला होता तेही सांगितलं.

"बाई, ते तोंड परत आना," गयाबाई म्हणाल्या. "माज्याकडं तिचं दुसरं काय न्हाई."

मी लगेच बसले. नाही कसं म्हणणार होते. पत्रा राळेवर घेतला, आणि हात नीट चालत होता, पण काय काढायचं ते सापडेना. मी डोळे मिटले की मला संगीता दिसायची बंद झाली होती, तिच्या जागी ते चार ठोके दिसत. एक चेहरा काढला. गयाबाईंनी जवळ घेऊन पाहिला आणि मान हलवली. तो बुजवून दुसरा काढला. त्या म्हणाल्या, नाक माझ्यासारखं होतं, माझं बघा. मी त्यांचं नाक बघून काढलं. चांदी एवढी मार खाऊन कडक झाली की तडा जाईल असं वाटलं, म्हणून तापवून पुन्हा मऊ केली. दुपार कलली. तिसरा चेहरा झाला तो ना संगीताचा ना कोणाचा, आमच्या ठशातल्या बाईसारखाच दिसायला लागला.

"ही न्हाई," गयाबाई म्हणाल्या. रागाने नाही, नुसतंच.

तेव्हा मी सांगून टाकलं. त्या पोरीचा चेहरा मला येत होता तो का येत होता ते सांगितलं. जोडवं कापलं ते, बोट सुजलं होतं ते, भुवईवरची सूज, तुटलेला दात. मी तिला काही विचारलं नाही हेही सांगितलं आणि तिला परत जाता यावं म्हणून जोडवं रुंद करून दिलं हेही. मला वाटलं, ही बाई आता उठेल आणि माझ्या तोंडावर थुंकेल. मी त्याची वाटच बघत होते म्हटलं तरी चालेल.

गयाबाईंनी टाक राळेवरून काढून द्यायला सांगितलं. मी काढून दिला. तो त्यांनी रुमालात गुंडाळला, न बघता.

मी विचारलं, हा तुमच्याकडे कसा? रोहिणीच्या गळ्यात नसला तर तिच्या घरी बोलणी खावी लागतील.

"ती न्हाई गेली घरी. माज्याकडंच हाय."

गयाबाई पिशवीची गाठ मारत होत्या, मान खाली घालून.

"संगीता पाडव्याला आल्ती तवा तिच्या भुवईचं मलाबी दिसलं हुतं, बाई. आई असून म्या इचारलं न्हाई. इचारलं तर घरात ठिवावी लागंल, म्हनून न्हाई इचारलं." गाठ बसली. "हिला इचारलं."

त्या उठल्या आणि वहाणा घातल्या. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाल्या, पोरगी घरात एकटी आहे, तो यायचा एखाद्या वेळी, यष्टी चुकून चालणार नाही.